डीप-व्ही बोट उजवीकडे गिरकी घेते, डावीकडे वळतच नाही : स्टीअरिंग आणि सेटअप

कळंबा_लाट

मंडळी, मदत पाहिजे. रिमोट कंट्रोलची मॉडेल बोट आहे, फायबरची, सिंगल प्रॉप (मागे एकच पंखा) डीप-व्ही (तळ खोल व्ही आकाराचा), हल (बोटीचं अंग) ६८० मिमी. २००० केव्हीची (दर व्होल्टला मिनिटाला २००० फेरे) वॉटर-कूल्ड मोटर, ९० अँपिअर ईएससी (मोटरचा स्पीड कंट्रोलर), ४एस (चार सेलची) ५००० एमएएच बॅटरी, ४ मिमी फ्लेक्स शाफ्ट, ४० मिमीचा दोन पात्यांचा मेटल प्रॉप. बॅटरीसकट वजन २ किलोच्या आसपास.

दुखणी चार आहेत.
१) फुल थ्रॉटलला बोट उजवीकडे ओढते.
२) उजवीकडे वळवली की शेपूट सुटतं आणि गिरकी घेते.
३) डावीकडे वळवली तर भलं मोठं वर्तुळ मारते. जास्त स्टीअरिंग दिलं तर कधी कधी उजव्या कडेवर अडखळून उलटते.
४) सरळ जाताना टॉप स्पीडला डावी-उजवी डुलते.

रडर (सुकाणू) ट्रान्समवर (बोटीच्या मागच्या सपाट भिंतीवर) उजव्या बाजूला, मध्यापासून ३५ मिमीवर. सर्वो (रडर फिरवणारी छोटी मोटर) ९ ग्रॅमचा. रडरचं पातं मोठं केलं तर काम होईल का? कोल्हापूरच्या उद्यमनगरात ३ मिमी ॲल्युमिनियम प्लेटमधून कापून मिळेल.

पॅडल_पाव्हणा

भावा, सरळ १५ मिमी लांब पातं लाव. पाण्यात जास्त गेलं की पकड येणारच.

डीप_व्ही

थांबा, पातं आत्ताच मोठं करू नका. ही चारही लक्षणं एकमेकांत गुंतलेली आहेत आणि त्यातली निम्मी रडरची नाहीतच.

आधी उजवीकडे का ओढते ते. आपल्याकडे येणारे स्टँडर्ड प्रॉप मागून पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतात. हे प्रॉप अर्धे पाण्याबाहेर चालतात, म्हणजे पाणी कापतो तो खालचा अर्धा भाग. खालच्या बाजूला पातं डावीकडून उजवीकडे जातं, पाण्याला उजवीकडे ढकलतं, शेपूट डावीकडे सरकतं आणि नाक उजवीकडे वळतं. शिवाय प्रॉप ज्या दिशेने फिरतो त्याच्या उलट दिशेला हल पिळली जाते, त्यामुळे उजवी बाजू खाली बसते. दोन्ही गोष्टी एकाच बाजूला जमा होतात.

आता वळण बघा. डीप-व्ही बोट वळते ती आतल्या बाजूला कलून. उजव्या वळणात प्रॉपची पिळण कलायला मदत करते, वर उजव्या बाजूचं रडर आणखी खोल जातं. म्हणून तिथे पकड नको तितकी मिळते आणि शेपूट सुटतं. डाव्या वळणात सगळं उलटं. हल डावीकडे कलायला लागली की उजवीकडचं रडर पाण्यातून वर येतं. पिळण कलू देत नाही, बोट सपाट राहते, उजवी कड पाण्यात रुतते आणि बोट उलटते. शर्यतीचा ट्रॅक घड्याळाच्या दिशेने असतो, सगळी वळणं उजवीकडे, म्हणून रडर उजव्या बाजूला बसवायची पद्धत पडली. तलावावर दोन्हीकडे वळवायचं तर थोडी तडजोड करावीच लागते.

पातं १५ मिमी लांब केलं तर उजवीकडची गिरकी वाढेल. रडर जितकं खोल, तितका बोट आडवी करणारा जोर मोठा. आणि ९ ग्रॅमचा सर्वो ते पातं धरू शकणार नाही, त्याचा हिशेब पुढे देतो.

काम या क्रमाने करा : हलचा तळ, सीजी (गुरुत्वमध्य), स्ट्रट (प्रॉपचा शाफ्ट धरणारा मागचा आधार), ट्रिम टॅब (ट्रान्समच्या खालच्या कडेच्या आडव्या पट्ट्या), टर्न फिन (पाण्यात जाणाऱ्या उभ्या पट्ट्या), आणि सगळ्यात शेवटी रडर. क्रम उलटा केला तर प्रत्येक सुधारणा आधीची बिघडवते.

कळंबा_लाट

पटलं. मग तळापासून सुरू करतो. नक्की काय बघायचं?

डीप_व्ही

बोट उलटी ठेवा. स्टीलची ३०० मिमी पट्टी ट्रान्समपासून पुढे, कीलच्या (तळाच्या मधल्या धारेच्या) दोन्ही बाजूंना, लांबीच्या दिशेने तळावर उभी धरा आणि मागून टॉर्च मारा. शेवटचे १५० मिमी पूर्ण सरळ पाहिजेत. मध्ये उजेड दिसला तर तळ खोलगट आहे. असा तळ शेपूट उचलतो आणि वेगात नाक पाण्यात घालतो. पट्टी मध्यावर टेकून दोन्ही टोकांना हलत असेल तर तळ फुगीर आहे. त्याने बोट नाक वरखाली आपटत उड्या मारते. खोलगटपणा इपॉक्सी पुट्टीने भरायचा, फुगीर भाग लाकडी ठोकळ्यावर २२० चा पॉलिश पेपर लावून उतरवायचा, मग ४०० पाण्यातून. नुसत्या बोटांनी घासाल तर लाटा पडतील.

ट्रान्समची खालची कड आणि बाजूच्या कडा तीक्ष्ण आहेत का तेही बघा. साच्यातून निघालेल्या फायबर हलमध्ये त्या बऱ्याचदा गोल असतात. गोल कडेला पाणी चिकटून वर चढतं, सुटत नाही. कडेला बाहेरून टेप लावून इपॉक्सीची बारीक धार बांधा आणि काटकोनात घासा. हा भाग लोक सोडून देतात, पण डुलणं कमी करायला याचा उपयोग फार होतो.

सीजी : बॅटरी आत, झाकण लावून, ट्रान्समपासून हलच्या लांबीच्या ३० टक्क्यांवर. तुमच्या ६८० ला २०४ मिमी. स्ट्रट आणि रडरची लांबी यात धरायची नाही. दोन्ही बाजूंना तेवढ्या अंतरावर पेन्सिलची खूण करा आणि बोट दोन बोटांवर तोला. ५०० ग्रॅमची बॅटरी २ किलोच्या बोटीत ४० मिमी सरकवली की सीजी १० मिमी सरकतो, त्यामुळे बॅटरीची पट्टी लांब ठेवा आणि मागेपुढे सरकायला जागा राहू द्या. सीजी फार मागे गेला तर बोट डुलते आणि उड्या मारते, फार पुढे गेला तर नाक ओलं राहतं आणि वळणात पुढचा भाग रुतून शेपूट फिरतं.

बॅटरी मध्यरेषेवरून ५ ते ८ मिमी डावीकडे सरकवा. पिळणीने उजवी बाजू खाली जाते, ते काही प्रमाणात इथेच भरून निघतं.

लेथ_उद्यमनगर

स्ट्रटबद्दल मी लिहितो, कारण ब्रॅकेट घेऊन लोक आमच्याकडेच येतात.

आधी प्ले (सैलपणा) तपासा. प्रॉप धरून वरखाली आणि आडवा हलवा. ४ मिमी शाफ्टला बुशमध्ये (शाफ्ट ज्यात फिरतो त्या नळीत) ०.०५ मिमीपर्यंत प्ले चालतो. ०.२ लागत असेल तर बाकी काही करू नका, आधी बुश बदला. फॉस्फर ब्राँझ रॉडमधून १५ मिनिटांत बुश निघतो. भोक ४.०० ला रीम करून (रीमरने अचूक मापाचं) घ्यायचं, नुसतं ड्रिल मारून ठेवायचं नाही, ड्रिलने भोक मोठं आणि तिरकं होतं. ब्रॅकेटचे बोल्ट एम३ एसएसचे, आतून नट आणि वॉशर, ट्रान्सममध्ये ३ मिमी प्लायचा तुकडा इपॉक्सीने चिकटवून मग भोकं मारा. नुसत्या फायबरवर कसलं तर काही दिवसांत फायबर दबतं आणि स्ट्रट हलायला लागतो. तुमचं डुलणं यातूनही येत असेल.

आता बसवणं. सुरुवात शून्य अंशावर, म्हणजे स्ट्रट कीलला समांतर, शाफ्टचा मध्य कीलच्या खालच्या रेषेवर. बोट उलटी करून कीलवर पट्टी ठेवून मागे बाहेर काढा, व्हर्नियरने स्ट्रटच्या पुढच्या आणि मागच्या टोकाचं अंतर मोजा. ६० मिमी स्ट्रटमध्ये १ मिमी फरक म्हणजे जवळपास १ अंश. एका वेळी अर्धा अंशच बदला. शिम (फट भरायची पातळ पट्टी) म्हणून कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा कापा, जाडी साधारण ०.१ मिमी असते, थर लावून हवी तेवढी जाडी मिळते.

प्रॉपकडचं टोक खाली केलं तर शेपूट उचलतं, नाक बसतं. वर केलं तर शेपूट दबतं, नाक उचलतं. स्ट्रट संपूर्ण वर घेतला तर बोट मोकळी पळते पण हलकी होते, खाली घेतला तर बसून चालते आणि वळणात धरून राहते.

डीप_व्ही

बरोबर. त्यात एक जोडतो : ड्राइव्ह डॉग (शाफ्टवरचा, प्रॉपला फिरवणारा तुकडा) आणि स्ट्रट यांच्यात ३ मिमी फट ठेवा. फ्लेक्स केबल जोरात पिळली की आखडून लांबीला कमी होते. फट नसेल तर डॉग स्ट्रटवर घासतो, बुश तापतो, केबल कपलिंगजवळ तुटते.

ट्रिम टॅब आधी दोन्ही तळाच्या रेषेत, पट्टी लावून. डुलणं राहिलं तर दोन्ही अर्धा मिमी खाली. उजवी बाजू अजून खाली बसत असेल तर फक्त उजवा टॅब पाव ते अर्धा मिमी आणखी खाली. याहून जास्त नको, खाली गेलेला टॅब त्या बाजूला अडवतो आणि बोट पुन्हा उजवीकडे ओढायला लागते.

टर्न फिन आहेत का? तुम्ही लिहिलं नाहीत.

कळंबा_लाट

टर्न फिन नाहीत. ट्रान्समवर टॅबशेजारी जागा आहे.

डीप_व्ही

मग गिरकीचं मोठं कारण तेच. रडर फक्त वळायची सुरुवात करतं, शेपूट धरून ठेवायचं काम फिनचं. १.५ मिमी ॲल्युमिनियम किंवा एसएस पत्रा, तळाखाली २० ते २५ मिमी, दोन्ही बाजूंना, टॅबच्या बाहेर. कीलला काटेकोर समांतर. एक फिन अर्धा अंश जरी आत-बाहेर वळलेली असली तरी ती कायम ब्रेक लावते. पुढची कड कानशीने धारदार करा, मागची कड सपाट सोडा.

सर्किटवाला

सर्वोचा हिशेब मी देतो, कारण सगळ्यात जास्त चूक इथे होते.

पाण्यात बुडलेलं पातं ४५ बाय २० मिमी धरा. ताशी ५० किमीला, वळणात, त्या पात्यावर चार किलोहून जास्त जोर येतो. रडरचा धुरा त्या जोराच्या मध्यापासून ७ मिमी पुढे असेल तर धुऱ्यावर साधारण ३ किलो-सेमी टॉर्क लागतो. ९ ग्रॅमच्या प्लास्टिक गिअर सर्वोचा छापील टॉर्क १.५ ते १.८ असतो, तोही थांबलेल्या अवस्थेतला. टेबलावर तो झकास फिरतो, पण जोर वेगाच्या वर्गाने वाढतो : २५ किमीला जो जोर, त्याच्या चौपट ५० किमीला. म्हणून हळू चालताना बोट ऐकते आणि वेगात ऐकत नाही. लोकांना वाटतं रेडिओची रेंज गेली.

स्टँडर्ड आकाराचा मेटल गिअर सर्वो लावा. एमजी९९६आरचा छापील टॉर्क ४.८ व्होल्टला ९ किलोच्या वर आहे, वजन ५५ ग्रॅम. अडकल्यावर तो अडीच अँपिअरपर्यंत खेचतो, त्यामुळे ईएससीचा बीईसी (रिसीव्हर आणि सर्वोला वीज देणारा भाग) किमान ३ अँपिअरचा आहे ना ते लेबलवर बघा. कमी असेल तर वळणात व्होल्टेज पडून रिसीव्हर रीसेट होईल. वेगळा यूबीईसी लावला तर ईएससीच्या पिनमधली लाल तार काढून ठेवा.

लिंकेज : पुशरॉडला सायकलचा १४ गेजचा एसएस स्पोक वापरा. २ मिमी, ताठ आणि गंजत नाही. एका टोकाला झेड-बेंड, दुसऱ्या टोकाला बॉल लिंक. सर्वो ते ट्रान्सम अंतर १५० मिमीच्या वर असेल तर मध्ये ब्रास ट्यूबचा एक आधार द्या, नाहीतर ढकलताना तार वाकते आणि एकाच बाजूचं वळण कमी पडतं. तुमचं डावं वळण कमी पडण्यात याचाही वाटा असू शकतो. डावीकडे वळताना तार ढकलली जाते की ओढली जाते, ते तपासा.

थ्रो (रडर किती फिरतं ते) रेडिओवरून कापू नका, हॉर्नच्या (सर्वोच्या भुजेच्या) भोकांनी जमवा. सर्वो ४५ अंश फिरतो, हॉर्न १० मिमी, रडरची भुजा १८ मिमी : रडर फिरतं साधारण २३ अंश. तेवढं बास. १२ मिमी हॉर्नला २८ अंश होतात, म्हणजे जास्तच. हॉर्न लहान केल्याने सर्वोवरचा भार पण घटतो, वरचे ३ किलो-सेमी सर्वोपाशी पावणेदोन होऊन पोचतात. रेडिओवर एंडपॉइंट (सर्वो फिरायची मर्यादा) १०० टक्क्यांनी चालतो आणि बारीक हालचाल मिळते. एक्स्पो (मध्याजवळ स्टीअरिंग मऊ करणं) २५ टक्के. डावीकडचा एंडपॉइंट गरज पडली तर १० टक्के जास्त.

पॅडल_पाव्हणा

हे सगळं करण्यापेक्षा जायरो (बोट फिरली की आपोआप सावरणारा सेन्सर) लावला तर? फ्लायस्काय जीटी५ रेडिओसोबतच्या बीएस६ रिसीव्हरमध्ये आतच असतो.

सर्किटवाला

लावता येतो, पण सेटअप झाल्यावर. जायरो रडरलाच हलवतो. रडर पाण्याबाहेर असेल किंवा सर्वो हरत असेल तर जायरो काय करणार? उलट तो सतत दुरुस्ती करत राहतो, सर्वो तापतो आणि खरा दोष झाकला जातो. लावलाच तर गेन (दुरुस्तीचा जोर) कमीत कमी ठेवा आणि दिशा तपासा : बोट हातात धरून नाक डावीकडे झटकलं की रडर उजवीकडे वळलं पाहिजे. उलटं झालं तर पहिल्याच रनला बोट गिरकी घेईल.

डीप_व्ही

आता रडर.

पातं पाचरीच्या आकाराचं : पुढची कड धारदार, मागची जाड आणि सपाट कापलेली. धुरा पुढच्या कडेपासून साधारण पाव रुंदीवर. तळाखाली ४५ ते ५० मिमी. पातं मोठं करण्याऐवजी ट्रान्समपासून मागे न्या, ब्रॅकेटमध्ये १५-२० मिमीचा स्पेसर घालून. मागे गेल्यावर तरफ वाढते, आणि ट्रान्समच्या मागे जो हवेचा खळगा तयार होतो त्यातून पातं बाहेर पडतं. त्या खळग्यातली हवा पात्यावरून खाली ओढली गेली की पकड एका क्षणात जाते, रडर फिरवत राहा, बोट सरळच जाते. पुढच्या कडेला दगड लागून खाच पडली असेल तरी तेच होतं. कानशीने धार सरळ करा, मग ६०० चा पेपर.

कल बघा. पात्याचं खालचं टोक मागे झुकलेलं असेल तर वळणात ते शेपूट उचलतं आणि नाक दाबतं. खालचं टोक पुढे असेल तर वळणात नाक उचललं जातं. तुमची बोट वळणात कड रुतून उलटते, म्हणून धुरा तळाला काटकोनात करा आणि मग खालचं टोक १ अंश पुढे घ्या. त्याहून जास्त गेलात तर वळणात बोटीचं नाक हवेत उचलून वरखाली आपटेल.

पिव्होटजवळ एम३ नायलॉनचा शिअर स्क्रू ठेवा. आपल्याकडे रंकाळा तलावात केंदाळ असतं, कळंबा तलावात पाणी उतरलं की काठाजवळ दगड उघडे पडतात. पात्याला फटका बसला की नायलॉन तुटून रडर वर उडालं पाहिजे. स्टीलचा स्क्रू घातला तर ट्रान्समच फाटतो.

पाणकोंबडी_रंकाळा

जागेबद्दल दोन शब्द. कळंब्याचं पाणी पिण्यासाठी जातं, तिथे फक्त इलेक्ट्रिक बोट आणि ग्रीस अगदी मोजकं, बाहेर गळणार नाही असं. रंकाळ्यावर फिरायला येणारे, बोटिंगवाले आणि पक्षी, तिन्हींपासून लांब. परवानगी आधी विचारून घ्या. राजाराम तलावाकडे गर्दी कमी असते. सकाळी वारा पडलेला असताना टेस्ट करा, आणि प्रत्येक सेटिंगवर वाऱ्याच्या दिशेने आणि वाऱ्याविरुद्ध अशा दोन्ही फेऱ्या मारा. वाऱ्याविरुद्ध नाक उचललं जातं, एकाच बाजूने बघून टॅब खाली कराल तर परतीला नाक रुतेल.

बंद पडलेली बोट आणायला पाण्यात उतरू नका. गळाच्या काठीला दोऱ्यावर टेनिस बॉल लावून बोटीपलीकडे फेका आणि हळू ओढा. नाकात फोम भरलेला असू द्या, उलटल्यावर बुडत नाही.

सर्किटवाला

फेलसेफ विसरू नका : सिग्नल गेला की थ्रॉटल शून्य, रडर मध्यावर. काठावर ट्रान्समीटर बंद करून तपासा, तेही प्रॉप काढून. २.४ गिगाहर्ट्झ पाण्यात शोषलं जातं, म्हणून रिसीव्हर पाण्याच्या रेषेच्या वर, अँटेना प्लास्टिकच्या नळीतून उभी बाहेर.

कळंबा_लाट

तळ शेवटच्या भागात जवळपास १ मिमी खोलगट निघाला, भरून घासला. सीजी १८५ वर होता, २०४ वर आणला, बॅटरी ६ मिमी डावीकडे. बुश नवीन, फिन बसवल्या, सर्वो बदलला, हॉर्न १० मिमी. पुशरॉड डावीकडे वळताना ढकलला जात होता आणि खरंच वाकत होता, मध्ये आधार दिला. रडर अजून जुनंच आहे, स्पेसर घालायचा आहे.

डुलणं गेलं. उजवीकडची गिरकी गेली. डावीकडे आता वळते, पण वर्तुळ उजव्यापेक्षा मोठं आहे. सरळ जायला रडर ट्रिम किंचित डावीकडे लागतो. हे ठीक आहे का?

डीप_व्ही

सिंगल प्रॉपला १-२ अंश डावा ट्रिम लागणं ठीकच आहे. तो ट्रिम रेडिओवर ठेवू नका, पुशरॉडची लांबी बदलून रेडिओचा ट्रिम शून्यावर आणा, नाहीतर एंडपॉइंट एका बाजूला कमी पडतो. मग स्पेसर आणि १ अंशाचा कल करा, डावं वर्तुळ आणखी लहान होईल. दोन्ही बाजू अगदी सारख्या होणार नाहीत. डाव्या वळणाआधी थ्रॉटल थोडा सोडा आणि बोट वळल्यावर भरा, पिळण कमी झाली की हल कलते.

लेथ_उद्यमनगर

प्रॉप बदललात तर स्ट्रट परत मोजा. ४० वरून ४२ ला गेलात तरी शेपूट जास्त उचललं जातं आणि पिळण वाढते, टॅबपासून परत बघावं लागतं. पात्याला धार लावायची असेल तर धातू विचारून घ्या. ऑक्ट्युराचे प्रॉप बेरिलियम कॉपरचे असतात, त्याची पूड फुप्फुसाला घातक आहे. ग्राइंडरवर अजिबात नाही, पाण्यात ओला पेपर धरून, मास्क लावून, आणि गाळ पुसलेला कपडा पिशवीत बांधून टाका.